लग्नाच्या कॅसेटवरचा पिक्चर

मस्कत
२६ नोव्हेंबर १९९५

सौ. हंसास,

माझा आशीर्वाद आणि आईला नमस्कार. खोकला गेला, काळजी करू नये. दिवाळीनंतरचं तुझं पत्र पोचलं. चंदनने हुंगून बघितलं, म्हणाला चकली आली असेल. चंदन म्हणजे माझ्या वरच्या बेडवरचा, बिहारचा. स्टोअरमध्ये लिहायचं काम करतो, त्याला इंग्लिश येतं, त्यामुळे रूममध्ये तोच वकील आणि तोच डॉक्टर.

आमच्या रूममधला धर्माजी पुढच्या महिन्यात सुट्टीवर निघतोय. पेणचा आहे, पण घर भाईंदरला. तो तुमच्याकडे दोनदा येईल. एकदा मी दिलेलं सामान पोचवायला आणि एकदा परत निघताना. निघताना येईल तेव्हा त्याच्याकडे आपल्या लग्नाची कॅसेट दे. कपाटात खालच्या कप्प्यात, तुझ्या शालूखाली आहे. इथे रूममध्ये व्हीसीआर घेतलाय सगळ्यांनी मिळून. ज्याच्या त्याच्या लग्नाच्या कॅसेटी बघून झाल्या, माझीच राहिली. सगळे विचारतात, विठू, तुझं लग्न झालंय की नुसतंच सांगतोस.

कॅसेट बिघडेल म्हणून आई देणार नाही, तिला समजाव. जितूने शूटिंग करून दिलं तेव्हाच मागचा प्लास्टिकचा तुकडा स्क्रू ड्रायव्हरने तोडून टाकला होता, माझ्यासमोर. म्हणाला, आता कुणाचा बाप आला तरी ह्याच्यावर दुसरं काही भरता येणार नाही. जितूचं केबलचं दुकान चालतंय ना? त्याला माझा सलाम सांग.

आता आईला वाईट वाटेल ते. जूनमध्ये माझी दोन वर्षं होतात, पण साहेब सोडत नाही. माणूस कमी आहे म्हणतो. मी पुष्कळ भांडलो. बघू काय होतं.

कंपनीच्या यार्डात नवीन ट्रेलर आलेत. सोळा चाकं. आपल्या हाटकेशच्या गल्लीत वळायचा नाही एवढा लांब. हे सहज लिहिलं.

इथपर्यंत आईला वाचून दाखव. खाली रेघ मारतोय, तिथे थांब.

————

हंसा, तू थांबलीस ना? मागच्या वेळी आईने तुला विचारलं म्हणे की एवढा कागद उरला तर तू गप्प का. खोकला आल्यासारखं कर.

लग्नानंतर बावीस दिवस आपण एका घरात होतो, त्यातले चार तुझ्या माहेरी गेले. मी मोजले. कधी कधी तुझा चेहरा नीट आठवत नाही, फोटोतला आठवतो. म्हणून कॅसेट पाहिजे. त्यात तू हलतेस, बोलतेस. अण्णा पण त्यात आहेत. अण्णा गेले तेव्हा मला चौथ्या दिवशी कळलं, बापाचं तोंड बघायला मिळालं नाही. कॅसेटीत ते मांडवभर फिरतायत.

पूनम सागरच्या बिल्डिंगीत आपली खोली घ्यायचं विसरलेलो नाही.

विठू

*

मस्कत
१७ फेब्रुवारी १९९६

हंसा,

आईला सांग खुशाली आहे आणि धर्माजीने आणलेले लाडू फुटले नव्हते. रेघ इथेच मारतो.

————

काल शुक्रवार, सुट्टी होती. मी सकाळी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. हसू नको. कॅम्पच्या आचाऱ्याला सांगून बिर्याणी करून घेतली होती. रूममध्ये चौदा माणसं बसली, खाटांवर, खाली, दोघे दारात. एकाने मला गालाला हळद म्हणून करीचा मसाला लावला.

कॅसेट घातली. गणपती आला. मग बदामात आपली नावं आली, सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. मग तुझी हळद. तुझी मावशी हात पुढे करून तुझ्या गालाला लावणार तेवढ्यात पडदा थरथरला, आडव्या रेघा आल्या आणि एक गोरा माणूस आला. डोक्याला टोपी, हातात जाड दांडू.

 मग दारातला एक जण म्हणाला, "विठू, ये तेरा साला है क्या?"

मी बंद करायला उठलो. चंदन म्हणाला, "रुक, आगे होगा." बसलो. थोड्या वेळाने परत उठलो तर सगळेच म्हणाले, आगे होगा. आगे काय, तो गोरा चेंडू मारायचा आणि पळायचा, चेंडू मारायचा आणि पळायचा. चंदनने सांगितलं ह्याला बेसबॉल म्हणतात. आपल्या क्रिकेटसारखंच, पण चूल फुंकायची नळी धरल्यासारखं धरतात. एक जण म्हणाला, दुल्हन कब आएगी. आली. गोरी, केस कापलेली. सगळे म्हणाले, भाभी आ गई.

मी हसलो, हंसा. चौदा माणसांत दुसरं काय करणार.

ते खेळाडूच्या लग्नाचंच होतं. तो मोठा नाव काढलेला, गावोगाव खेळत फिरतो. बायको घरी. घर मोठं, मागे तळं, एक कुत्रा. ती संध्याकाळी फोनजवळ बसते. तो फोनवर सांगतो मॅच लांबली, आणि मॅच कधीच संपलेली असते, तो हॉटेलात पोरांबरोबर हसत बसलाय. तिला कळतं. भांडण होतं, ती बॅग भरते, बहिणीकडे जाते. बिर्याणी संपली, निम्मे लोक झोपले, मी बघत होतो. शेवटी ती त्याच्या मैदानाच्या गेटापाशी येते. तो आतून तिला बघतो, तिच्याकडे येतो. ती तोंड उघडते, आणि परत आडव्या रेघा.

मग आपलं घर आलं. आपलं हाटकेशचं दार, त्याला लावलेलं झेंडूचं तोरण. तू माप ओलांडून आत आलीस. शेवटची अकरा मिनिटं लग्न राहिलंय. तीन तासांच्या कॅसेटमध्ये अकरा मिनिटं. अण्णा एकदाच दिसतात. दारातल्या चपला पायाने सरळ करतात, एक उलटी पडलेली असते ती वाकून उचलतात, आणि जातात. बस. मांडवातले अण्णा नाहीत. अक्षता नाहीत. तू हार घालतेस ते नाही.

कुणी केलं हे? चुकून झालं असेल तर तसं लिही. शेजारच्या पोरांनी खेळ केला असेल तरी लिही, मी रागावणार नाही. पण लिही.

विठू

*

मस्कत
९ मार्च १९९६

आईस नमस्कार. माझी तब्येत ठीक. गरमी सुरू झाली.

————

हंसा, तुझं पत्र नाही. तीन आठवडे झाले. मग मीच बघायचं ठरवलं.

कॅसेट उलटी करून बघितली. मागे जिथे जितूने प्लास्टिक तोडलं होतं, तिथे चिकटपट्टी लावलेली आहे. दोन थर. रूममध्ये सगळ्यांना माहीत आहे हे कशासाठी करतात. भोकावर पट्टी लावली की मशीन फसतं, त्याला वाटतं कॅसेट कोरी आहे, भरायला लागतं. चुकून कुणी पट्टी लावत नाही. शेजारची पोरं तर नाहीच नाही.

अजून एक. पिक्चरच्या खालून अक्षरांची पट्टी सरकत असते ना, जितू त्याच्या चॅनलवर सोडतो ती. पहिल्या दिवशी मी वाचलीच नव्हती. काल वाचली. पूनम सागरजवळ रूम भाड्याने मिळेल. साड्यांचा सेल. उद्या दुपारी लाईट जाणार. म्हणजे हे जितूच्याच दुकानात भरलं, त्याच्याच मशीनवर. ज्याने तुकडा तोडला त्यानेच पट्टी लावली.

आणि त्या अकरा मिनिटांत तू घरात येतेस, सगळ्या बायका तुझ्याकडे बघतायत, आणि तू मान वर करून सरळ कॅमेऱ्याकडे बघतेस. एकदा नाही, चार वेळा. कॅमेरा कोणाच्या खांद्यावर होता? जितूच्या. मी एक वर्ष नऊ महिने इथे आहे. तो तिथे आहे, पन्नास पावलांवर. वायर जोडायला घरात येतो. मला काही विचारायचं नाही, तूच सांग.

मी वेडा, मला वाटलं पिक्चरमधून तू काही सांगतेस. मला ऐकू येत नाही ते गोऱ्या बाईच्या तोंडून सांगतेस. पाच वेळा बघितला. नाव सुरुवातीला आलंच होतं, ते चंदनने वाचून घेतलं आणि रुवी बाजारातल्या व्हिडिओच्या दुकानातून तोच पिक्चर भाड्याने आणला. म्हटलं शेवट बघू. ती गेटापाशी तोंड उघडते तिथे काय बोलते बघू. टीव्हीला नाक लावून बसलो, खोटं नाही सांगत.

काही खास बोलत नाही. चंदन म्हणाला, "बोली, जाओ खेलो." एवढंच. तो जातो, दांडू फिरवतो, चेंडू दिव्यांच्या पलीकडे जातो, लोक उभे राहतात, ती रडते, तो कुंपणावरून उडी मारून येतो, मिठी, आणि नावं यायला लागली. अडीच तास माणसं एवढी भांडली आणि शेवटी चेंडूने निकाल दिला. मी चंदनला विचारलं, त्याने खोटं सांगितलं होतं त्याचं काय झालं? तिने विचारलंच नाही?

चंदन म्हणाला, "अरे पिक्चर है, पंचायत थोड़ी है."

भंगार पिक्चर. त्याच्यासाठी माझं लग्न पुसलं.

विठू

*

मस्कत
२० एप्रिल १९९६

हंसा,

हे पत्र दाजींच्या पत्त्यावर टाकतोय, भाईंदर, इंद्रलोक. तू तिकडे ताईकडे आहेस हे मला जितूच्या पत्रातून कळलं. बायको घर सोडून बहिणीकडे गेली हे मला माझ्या मित्राने कळवलं. असो. इथे आईसाठी रेघ मारायचं कारण नाही. तू सगळंच एकटी वाचणार.

आधी जितूचं. माझं मार्चचं पत्र घरी पोचलं तेव्हा तू गेली होतीस. आईला वाचता येत नाही, ती पत्र घेऊन गेली जितूकडे. त्याने दुकानात गिऱ्हाईक थांबवून वाचलं. आईला नमस्कार, तब्येत ठीक, गरमी. मग रेघ आली. आई म्हणाली, "खाली एवढं काय लिहिलंय? ते पण वाच." त्याने मनात वाचलं. मी त्याच्यावर काय लिहिलंय ते त्याने आईसमोर उभं राहून मनात वाचलं, आणि मोठ्याने म्हणाला, "काकू, खाली नुसतं वहिनींची आठवण येते लिहिलंय. तुमच्यासमोर काय वाचू." आई लाजली म्हणे.

हे त्याने मला कळवलं आणि खाली लिहिलं, परत असलं लिहिलंस तर मस्कतला येऊन कानफटवीन.

मग त्याने त्या दुपारचं लिहिलं. तू दुकानात गेलीस, कॅसेट काउंटरवर ठेवलीस आणि म्हणालीस ह्याच्यावर भरून द्या. तो म्हणाला, वहिनी, हे लग्न आहे. तू म्हणालीस, माहीत आहे. तो नाही म्हणाला. तेव्हा तू त्याची चिकटपट्टी उचललीस, दाताने तोडलीस, दोन थर लावलेस आणि कॅसेट त्याच्या हातात दिलीस. जितू लिहितो, "तुझी शपथ घेऊन सांगतो, मी विचारलं काय भरू, तर म्हणाल्या, चॅनलवर लागेल ते." चॅनलवर तो पिक्चर चालू व्हायचा होता, तोपर्यंत कॅसेट हळदीपर्यंत सरकली. तू स्टुलावर बसून राहिलीस. पिक्चर संपत आला होता, संपला नव्हता, तेव्हा मशीनवरचे आकडे बघून उठलीस आणि म्हणालीस, आता बंद करा, पुढे अण्णा आहेत.

हे वाचून मी पत्र घडी करून ठेवलं आणि यार्डात निघून गेलो.

धर्माजीला पण विचारलं. तो कानाला हात लावून म्हणतो त्याला काय माहीत. नऊ जानेवारीला सामान द्यायला आला, चहा घेतला आणि म्हणाला, वहिनी, पेढे काढा, विठूने अजून दोन वर्षांची सही केली, आता ट्रेलर चालवणार. त्याला वाटलं तुला माहीत असेल. तू साखर दिलीस म्हणे त्याच्या हातावर. पेढे नव्हते म्हणून साखर.

आता मी सांगतो. साहेबाने अडवलं नव्हतं. नोव्हेंबरात साहेबाने विचारलं, हेव्ही लायसन काढून देतो, सलालाच्या लाईनवर ट्रेलर देतो, पण दोन वर्षं अजून. मी पेन मागितलं. घरी विचारतो म्हणायचं सुचलंच नाही. नंतर सुचलं तेव्हा साहेब सोडत नाही असं लिहिलं. सातवी नापास माणसाला सोळा चाकं कोण देतं, हंसा. दीड वर्ष मी पाईप उचलत होतो, तुला फिटर आहे म्हणून सांगितलं होतं. ट्रेलरवर बसलो की हजार किलोमीटर सरळ रस्ता. कुणी सांगत नाही इकडे बस, तिकडे बस. मला घरात बसवत नाही हे तुला बावीस दिवसांतच कळलं असेल. अण्णा म्हणायचे, ह्याच्या पायाला खाज आहे.

हे माझं झालं. चुकलं.

पण तू काय केलंस? राग होता तर पत्रातून शिव्या घालायच्या. आईला सांगायचं. कॅसेट पाठवायचीच नाही. तू ती पुसलीस, वर लाडवांबरोबर बांधून पाठवलीस, आणि मला चौदा माणसांत बसवून दाखवलीस. तुला माहीत होतं मी सगळ्यांना बोलावणार. मी घासाघासाला बिर्याणी वाढत होतो. मी खोटं बोललो ते तुझ्या नि माझ्यात होतं. तू मला पंगतीतून उठवलंस.

आणि एक. माझं खोटं मला परत फिरवता येईल. जूनमध्ये साहेबाला सांगतो, नको ट्रेलर, मी चाललो. तू पुसलंस ते कुणाला परत भरता येणार आहे? मांडवातले अण्णा कुठून आणणार?

एवढ्याचं उत्तर दे.

विठू

*

मस्कत
१४ जून १९९६

हंसा,

तुझं उत्तर आलं. पाच ओळी. मी त्या इतक्या वेळा वाचल्यात की चंदन म्हणतो, याद हो गया होगा, अब मुझे सुना. त्याला नाही ऐकवल्या. तुलाच परत लिहून दाखवतो, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुला दिसेल.

"पिक्चर कसला होता मला माहीत नाही, मी बघितला नाही. लग्न एवढ्या वेळा बघितलं की कुठे काय आहे ते पाठ आहे, आई पाहुणे आले की लावायच्या. त्यात तुम्ही सारखे घड्याळ बघता. सही करताना तुम्ही मला विचारलं नाही, पुसताना मी तुम्हाला विचारलं नाही. अण्णा मात्र पुसायला माझे नव्हते, मांडवात ते तुमच्या बाजूला उभे होते म्हणून गेले."

मला राग आला. म्हटलं उगाच काहीतरी. मग सगळे कामावर होते तेव्हा कॅसेट लावली. गोऱ्याला पळवला आणि शेवटच्या अकरा मिनिटांवर आणली. आत्तापर्यंत मी तिथे तुलाच बघत होतो, तू कुठे बघतेस ते. ह्या वेळेस मला बघितलं.

मी तुझ्या डाव्या बाजूला आहे. बायका तुला नाव घ्यायला सांगतायत. तू नाव घेतेस, सगळे हसतात, आणि मी मनगट वर करून घड्याळ बघतो. मग तुला माझ्या हातात साखर द्यायला सांगतात, मी साखर खातो आणि घड्याळ बघतो. तू माझ्याकडे बघतेस, मी दाराकडे बघतोय. म्हणून तू समोर बघतेस. समोर कॅमेरा आहे. दुसरीकडे कुठे बघणार होतीस.

अकरा मिनिटांत पाच वेळा. बाकीच्या पावणेतीन तासांत किती वेळा ते आता कुणालाच मोजता येणार नाही. तेवढं एक माझ्या फायद्याचं केलंस.

मार्चमध्ये क्रिकेटचा वर्ल्डकप होता तेव्हा रूममधल्या पोरांना फायनल भरायला कॅसेट पाहिजे होती. म्हणाले, विठू, तुझीवाली दे, तसंही भंगार पिक्चर आहे. दिली नाही. काल ती चिकटपट्टी नखाने खरवडून काढली. दोन्ही थर. तुझ्या दाताची खूण होती एका टोकाला, वाकडी. आता ह्याच्यावर काहीच भरता येणार नाही. सहा मिनिटं हळद, मग तो गोरा, मग अकरा मिनिटं घर. जसं आहे तसं.

तरी फसवल्यासारखं वाटतं ते गेलेलं नाही. रात्रपाळीला नाही, यार्डात नाही, जेवताना जास्त वाटतं. पंगत बघितली की. ते तुला सांगायचं होतं, भांडायला म्हणून नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. आज माझी दोन वर्षं पुरी झाली. परवा मी साहेबाकडे गेलो. चंदनला बरोबर नेलं, इंग्लिश नीट व्हावं म्हणून. सांगितलं, मला ट्रेलर नको, लायसन नको, घरी जायचंय, बायको वाट बघत नाही म्हणून जायचंय. चंदनने हे शेवटचं कसं सांगितलं कोण जाणे, साहेब हसला. मग ड्रॉवरमधून कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. खाली माझी सही. नीट वळणदार काढलीय, घाई नाही दिसत. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आहे. मी काल परत गेलो, आज सकाळी परत गेलो. धर्माजीला विचार, चंदनला विचार, मी दारातून हललो नाही.

पहिल्या पत्रात एक वाक्य लिहिलं होतं ते तू विसरली नसशील. तेच परत लिहावं लागतंय, दुसरे शब्द मला येत नाहीत. तू ते वाचून कागद ठेवून देशील हे माहीत आहे. दाजींना सांगशील, बघा, परत तेच.

साहेब सोडत नाही, हंसा. मी पुष्कळ भांडलो.

विठू